जठराच्या कॅन्सरमध्ये ईबीव्ही (एपस्टाइन-बार व्हायरस) शोधताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक आधी सांगतो. ट्यूमरचा तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, पीसीआर लावायचा आणि पॉझिटिव्ह आला की 'ईबीव्हीवाला कॅन्सर' लिहून मोकळं व्हायचं. अरे, 90 टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात हा व्हायरस आयुष्यभर असतो, बी लिम्फोसाइटमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये) लपून बसतो, आणि ट्यूमरमध्ये लिम्फोसाइट तर असणारच ना!

एका पीजीच्या मुलाने थिसिससाठी असंच केलं आणि जवळजवळ निम्म्या केसेस पॉझिटिव्ह आल्या म्हणून खूश होऊन आला. मला आकडा ऐकूनच शंका आली, कारण 2014 च्या टीसीजीएच्या (कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस या अमेरिकन प्रकल्पाच्या) जठराच्या कॅन्सरवरच्या अभ्यासात ईबीव्ही गट साधारण 9 टक्केच होता. त्याच ब्लॉक्सवर (मेणात जपलेल्या तुकड्यांवर) एबर इनसिटू, म्हणजे व्हायरसचा एबर हा आरएनए कुठल्या पेशीत आहे ते स्लाइडवर रंगवून दाखवणारी तपासणी, केलं तर बहुतेक स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी कोऱ्या, मधेमधे विखुरलेले लिम्फोसाइट तेवढे रंगलेले. थिसिस परत लिहायला लागला त्याला, कितीतरी महिने गेले, आणि मला खरंच वाईट वाटलं कारण पहिल्याच आठवड्यात एक स्लाइड बघितली असती तर हे झालंच नसतं. खऱ्या केसमध्ये जवळपास प्रत्येक कॅन्सर पेशीचं न्यूक्लियस रंगतं, कारण व्हायरस शिरलेली एक पेशी वाढून तो ट्यूमर झालेला असतो.

दुसरी चूक, कंट्रोल न लावता निगेटिव्ह म्हणणं. एबर हा आरएनए आहे, फिक्सेशन (तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवणं) बिघडलं की तुटतो. मी प्रत्येक बॅचला माहितीतली पॉझिटिव्ह स्लाइड आणि पेशंटच्याच ब्लॉकवर यू6 प्रोब (पेशींचा स्वतःचा आरएनए टिकलाय का ते दाखवणारा) लावतो, वेळ जातो, जाऊ दे. यू6 रंगलं नाही तर तो निगेटिव्ह रिपोर्ट मी सही करत नाही.

एलएमपी1 या व्हायरसच्या प्रोटीनचा स्टेन लावून व्हायरस नाही म्हणू नका, जठराच्या कॅन्सरमध्ये ते प्रोटीन सहसा बनतच नाही.

लिम्फोसाइटची गर्दी दिसली की घाईने ईबीव्ही लिहिणारेही आहेत. एमएसआय ट्यूमरमध्येही (ज्यात डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते) तशी गर्दी असते. हे दोन्ही एकत्र क्वचितच सापडतात: ईबीव्हीवाल्यात मेथिलेशन (जीन बंद करणारी रासायनिक खूण) प्रचंड, सीडीकेएन2ए जीन बंद, पण डीएनए दुरुस्तीचा एमएलएच1 जीन सहसा शाबूत. त्यात पीआयके3सीए जीनचे म्युटेशन खूप आणि टीपी53 जीनचे कमी. म्हणून एबर आणि एमएसआय दोन्ही तपासण्या करा, अंदाज नको.

जठराच्या कॅन्सरशी जोडलेला हेलिकोबॅक्टर हा बॅक्टेरिया आहे, व्हायरस नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

आणि रिक्वेस्ट फॉर्मवर गाठ जठराच्या कुठल्या भागातली ते नीट लिहा. ईबीव्हीवाला कॅन्सर जास्त करून फंडस आणि बॉडीत (जठराच्या वरच्या आणि मधल्या भागात) सापडतो, आणि आधी जठराचा भाग काढलेला असेल तर उरलेल्या जठरातल्या कॅन्सरमध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं, ते जुनं ऑपरेशन फॉर्मवर नसलं तर मला कळणार कुठून?