भूकच लागत नाही? आधी या चुका टाळा

"काय भो, भूकच लागत नाही आजकाल." हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. सकाळपासून काय खाल्लं विचारलं तर म्हणे काहीच नाही, अन् मोजायला बसवलं की सहाला चहा-खारी, नऊला चहा-टोस्ट, अकराला टपरीवर कटिंग, सोबत मूठभर शेव. मग दुपारी एकला कळण्याची भाकरी बघून तोंड वाकडं होणारच ना.

घ्रेलिन म्हणून भुकेचं हार्मोन आहे, ते रिकाम्या जठरातून सुटतं अन् आपल्या रोजच्या जेवायच्या वेळेला वाढतं. तुम्ही दर दोन तासाला चिमूटचिमूट टाकत राहिले तर त्याने यायचं कधी? माझं सरळ आहे, सकाळी एक चहा, मग थेट अकराला जेवण, मधे शेंगदाणासुद्धा नाही. पहिले चार-पाच दिवस डोकं दुखतं, ते चहाचं, दुखू द्यायचं. पण लोकांना तीन दिवसात फरक पाहिजे, मग मेडिकलमधून भुकेची बाटली आणतात. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत सायप्रोहेप्टाडिन असतं, म्हणजे मूळचं अ‍ॅलर्जीचं औषध, दिवसभर झोप येते ती त्यानेच.

दुसरी चूक म्हणजे जेवल्याजेवल्या आडवं होणं, यावर तर मी भांडतो. मागच्या थंडीत यावलकडे शेतात भरीत पार्टी होती. वांगी भाजायलाच दहा वाजले, साडेअकराला पंगत, आमच्या साडूभाऊंनी भरीतावर तेलाची धार सोडून सात पुऱ्या हाणल्या अन् तिथंच खाटेवर पडले. दोन वाजता छाती धरून उठले, घामाघूम. जळगावपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. ईसीजी नॉर्मल निघाला, डॉक्टरने एवढंच विचारलं, जेवून किती वेळाने झोपले? जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते काय मध्यरात्री खायला नाही मिळालं. तेलकट जेवण जठरातून उशिरा पुढे सरकतं, त्यात अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडलेली असली अन् माणूस आडवा झाला की आम्ल वर चढतं. (ईसीजीच्या आधी मात्र कोणी छातीवर हात ठेवून "गॅस आहे" म्हणू नका, ती वेगळीच चूक.) मी आठच्या आत जेवतो अन् अकराला झोपतो, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट आहे, घरचे हसतात, हसू द्या.

रोज सोड्याची पुडी घेणारे पण भेटतात. सोडा आम्लात पडला की कार्बन डायऑक्साइड होतो, ढेकर येतो, गड्याला वाटतं पचलं. बीपीवाल्यांनी त्यातलं सोडियम पण बघावं.

भराभर गिळू नका, पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर दोन भाकरी जास्तीच्या गेलेल्या असतात.

एकादशी अन् दुप्पट खाशी, साबुदाण्याचं ताट भरून घेता अन् वर म्हणता उपवासाने ॲसिडिटी झाली.

रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी घेऊ नका, जठराचं अस्तर सोलतं.

अन् शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, तर हे वाचत बसू नका, आजच डॉक्टरकडे जा.