सातबाऱ्यावरचा खून: कोकणातल्या खऱ्या प्रश्नावर थरारक कादंबरी लिहून स्वतः छापायची तर

माझ्या पहिल्या कादंबरीत खलनायक अष्टमीच्या मध्यरात्री ट्रॉलर खाडीत घालतो. हस्तलिखित वाचायला दिलेल्या तांडेलाने, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखाने, तिसऱ्याच पानावर विचारलं, "अष्टमीच्या रात्री बाराक ट्रॉलर खाडीत? चिखलातसून चालवतलस काय?" त्या वेळी ओहोटी असते, हे किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कोकणात रहस्यकथा लिहायची तर वाचक आधी भरती तपासतो, मग खुनी. म्हणून पायऱ्या सांगतो त्यातही आधी खरी माहिती, मग गोष्ट.

१. प्रश्न नको, रीत उचला

"जमिनींचे गैरव्यवहार" हा भाषणाचा विषय झाला. कादंबरीला लागते ती गैरव्यवहाराची रीत. १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३मुळे महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणजे समुद्र दिसणारी आंब्याची बाग हवी असलेल्या बाहेरच्या माणसाला आधी "शेतकरी" व्हावं लागतं. पहिला बनावट कागद तिथेच जन्मतो. आता सातबारा बघा. सामाईक, बारा नावं. आठ जण मुंबईत, दोघे वारलेले, त्यांची वारस नोंदच नाही. कोणीतरी कुलमुखत्यारपत्र घेऊन उभा राहतो, खरेदीखत होतं, फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, तलाठ्याकडे जातो. हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. नोटीस येते ती कुलूप लावलेल्या घरावर.

आता तुमच्या हातात गुन्हा आहे, हेतू आहे आणि १५ दिवसांचं घड्याळही आहे. आणखी काय पाहिजे?

समुद्राकडे वळायचं तर पावसाळी मासेमारी बंदी घ्या: १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, झापांखाली झाकलेल्या. आणि जुलैत एक मृतदेह जाळ्याच्या दोरात गुंडाळलेला सापडतो. बंदीत कोणाचं जाळं पाण्यात होतं? एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, तो धागाही इथे जोडता येतो. पण दोन्ही प्रश्न एकाच पुस्तकात कोंबू नका. मी कोंबले होते.

२. कागद काढा, मग माणसं गाठा

सातबारा ऑनलाइन बघता येतो. जुने फेरफार मात्र बऱ्याचदा तहसील कार्यालयात जाऊन काढावे लागतात. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवसांची. तोवर बंदरावर जाऊन बसा. वही काढू नका, चहा पाजा. "हे प्रकरण कोणी केलं?" असं विचारलंत की गप्पा संपल्या. "असं करायचं झालं तर कसं करतील?" म्हणा, आणि मग ऐकत बसा.

३. ओळखू येणारा माणूस पुसा

कोकणात आडनाव आणि वाडी सांगितली की माणूस सापडतो. नाव बदलून भागत नाही. माझ्या पुस्तकात लंगडणारा निवृत्त शिक्षक होता. पुढच्या शिमग्याला शेजारचे गुरुजी घरी आले आणि मानधनात आपला वाटा किती, असं शांतपणे विचारून गेले. तेव्हापासून वय, धंदा, मुलांची संख्या, कधी स्त्री-पुरुषही बदलतो, आणि दोन-तीन माणसांची मिळून एक व्यक्तिरेखा करतो. गाव काल्पनिक ठेवा, तालुका खरा चालेल.

"सर्व पात्रे काल्पनिक आहेत" ही ओळ छापा, पण तिच्या भरवशावर राहू नका. वाचकाला खरा माणूस स्पष्ट ओळखता आला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ म्हणजे बदनामी आड येऊ शकतं. कोर्टात चालू असलेलं प्रकरण आणि लैंगिक अत्याचारातली पीडित व्यक्ती, यांना हात लावू नका.

४. तिथी मांडून प्रकरणं पाडा

भरतीचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. साधारण त्या वाजता, सकाळ-रात्र दोन्ही वेळा, पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि तेही उधाणाचं पाणी. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि १५ दिवसांची प्रकरणं त्यावर टाका. प्रतिपदेला नोटीस निघाली तर मुदत उधाणाला संपते. अशी गाठ लेखकाने घालायची असते.

थरार मृतदेहाने येत नाही. कुलूपबंद घराच्या दाराला नोटीस चिकटवलेली वाचकाला दुसऱ्या प्रकरणात दिसली आणि मुंबईच्या धाकट्या भावाला ती दहाव्यात कळली, की मधली सात प्रकरणं वाचक स्वतःच तणावात काढतो. रहस्य लपवण्यापेक्षा हे जास्त कामाचं.

संवादात मालवणी बेतानेच. मालवणची बोली राजापूरच्या तोंडी घातलीत तर दोन्हीकडचे हसतील.

५. छपाई

लिहिताना युनिकोडच वापरा. छापखान्यात मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेला की जोडाक्षरं मोडतात. माझ्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक "दुसऱ्या"चं "दुसर्या" झालं. छापणाऱ्याने "चालतं हो" म्हटलं. नाही चालत. फॉन्ट बदलल्यानंतरच्या पानांचं मुद्रितशोधन पैसे देऊन करून घ्या. पानांची संख्या १६च्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगळे क्रमांक घ्या. अॅमेझॉनच्या केडीपी या स्वतः पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेवर मराठी ई-पुस्तक चढवता येतं. तिथली सिलेक्ट योजना घेतलीत तर ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही, हे वाचून मगच खूण करा. १९५४च्या कायद्याप्रमाणे छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते. बरेच जण विसरतात.

मी एकदम ५०० प्रती काढल्या होत्या. माळ्यावरच्या खोक्यांना पहिल्याच पावसाळ्यात बुरशी लागली. शंभर काढा, आणि गणपतीच्या पंधरा दिवस आधी हातात येतील अशा बेताने. चाकरमानी गावी येतो तेव्हा सामाईक सातबाऱ्याचा विषय घरोघरी निघालेलाच असतो. एसटी स्थानकाजवळच्या वर्तमानपत्राच्या टपरीवर वीस प्रती ठेवा, टपरीवाल्याचा वाटा आधी ठरवा, आणि विसर्जनानंतर उरलेल्या प्रती स्वतः जाऊन उचला.