खारा वारा आणि सायकलचं सर्व्हिसिंग : या चुका टाळा

‘सहा महिन्यांतून एकदा सर्व्हिसिंग’ हा नियम कोरड्या हवेच्या गावात खपून जातो. गोव्यात नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण आपणहून ओल ओढतात आणि पाझरू लागतात. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे पडवीत महिनाभर नुसती उभी असलेली सायकलही गंजते. महिने मोजण्यापेक्षा सायकल कितीदा भिजली आणि कितीदा समुद्राकाठी जाऊन आली, ते मोजावं.

समुद्रावरून आल्यावर ‘उद्या धुऊ’ म्हणणं

ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट रेतीवर सायकल झकास पळते, पण ती त्याच दिवशी धुवायला हवी. दोन बादल्या गोडं पाणी, भांड्यांच्या लिक्विडचं एक झाकण आणि जुना ब्रश एवढं पुरतं. ‘गोडं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठच लावणं. रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीत चढताना रँपवर चाकं भिजली, तरी हाच नियम. उन्हाळ्यात मांडवी तिथे खारीच असते.

गाड्या धुण्याच्या प्रेशर गनपासून मात्र सायकल लांब ठेवा. तो फवारा रबरी सील ओलांडून हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) आणि पॅडलच्या बेअरिंगमध्ये घुसतो. आतलं ग्रीस पांढरट, दह्यासारखं होतं आणि महिन्याभरात चाक फिरवलं की खरखर लागते. बाहेरून सायकल चकाचक दिसते, म्हणून ही चूक लवकर ध्यानातही येत नाही.

चेनवर मिळेल ते तेल ओतणं

गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. तो आतलं तेल विरघळवतो आणि दोन दिवसांत चेन कोरडी पडते. इंजिन ऑइल टिकतं, पण जांभ्याची लाल धूळ धरून ठेवतं आणि त्याची घासपेस्ट बनते. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात तर विचारूच नका. खोबरेल घरात असतंच म्हणून लावणारेही आहेत. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. जानेवारीच्या पहाटे कडी वळेनाशी झाली, तर दोष चेनचा नाही.

पावसाळ्यात चेनचं ‘वेट’ वंगण आणि कोरड्या दिवसांत ‘ड्राय’ किंवा मेणाचं वापरा. आधी चेन रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. मग चेनच्या खालच्या धावेवर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर (कडीतल्या फिरत्या नळीवर) एकच थेंब सोडा. गिअरच्या सायकलीला साधारण ११४ थेंब होतात. कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांचं काम आहे. पॅडल वीसेक वेळा उलटं फिरवा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. वंगण रोलरच्या आत हवं; बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. कोरड्यात दीडदोनशे किलोमीटरला एकदा, पावसात सायकल भिजेल त्या प्रत्येक वेळी.

चेन तुटेपर्यंत वापरणं

स्टीलची पट्टी घ्या आणि एका पिनच्या मध्यापासून २४ कड्या मोजा. नवी चेन बरोबर १२ इंच भरते. १/१६ इंच वाढली की बदला. १/८ इंच वाढेपर्यंत थांबलात, तर मागच्या चक्राचे दातेही गेले असं धरा. मग फक्त नवी चेन टाकली तर जोर लावताच ती दात्यांवरून उडी मारते, आणि लोक नव्या चेनला नावं ठेवतात.

आवाज ऐकून भलताच भाग खोलणं

पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ होत असेल, तर पॅडल किंवा क्रँक (पॅडलचा दांडा) सैल असतो. डावं पॅडल उलट्या आट्याचं (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सैल होणारं) असतं, जोर लावण्याआधी आठवा. अडीच-तीन फेऱ्यांनी एकदा झटका बसत असेल तर चेनमध्ये एक कडी ताठ आहे. चेनची पूर्ण प्रदक्षिणा व्हायला तेवढेच फेरे लागतात. बसल्यावरच कुरकुर होत असेल तर सीट पोस्ट (सीटखालचा दांडा) बघा.

त्याच सीट पोस्टबद्दल आणखी एक. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट आणि खारी ओल एकत्र आली की दोन्ही एकमेकांना असे चिकटतात, की पुढे करवतच लागते. वर्षातून दोनदा पोस्ट काढून ग्रीसचा पातळ हात द्या. पावसाळ्यात तो काढलात की सायकल उलटी धरा. फ्रेममधून वाटीभर पाणीही निघू शकतं. सायकल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणाऱ्यांकडे तर हमखास ओल कोंडते. वारा लागेल अशा छपराखालची उघडी सायकल त्यापेक्षा बरी.

ब्रेक

रिमचे ब्रेक असतील तर लाल चिखलाचे खडे शूमध्ये रुततात आणि रिम कुरतडतात. सुईने उकरून काढा. डिस्क ब्रेक असेल तर चेनचा स्प्रे डिस्कवर उडू देऊ नका. पॅडने तेल प्यायलं की किंचाळतो आणि धरत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. पॅडचा घासणारा थर १ मिलिमीटरच्या खाली गेला की पॅड बदला.

ओव्हरऑइलिंग फक्त पावसाआधी करणं

दुकानात सगळे ओव्हरहॉलिंगला ‘ओव्हरऑइलिंग’च म्हणतात, आणि बहुतेक जण ते मृगाआधी करून मोकळे होतात. दोनदा करणं उत्तम. एकदाच परवडत असेल तर ते चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर), पाऊस ओसरल्यावर करा. चार महिने आत गेलेलं पाणी तेव्हाच बाहेर काढायचं असतं. ते दिवाळीपर्यंत तसंच राहिलं तर बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर खड्डे पडतात. काम देताना ‘सायकल बघा’ एवढंच सांगू नका. दोन्ही हब, हँडलचा कप आणि क्रँकचं बेअरिंग खोलून, जुनं ग्रीस पूर्ण पुसून, नवं भरायला सांगा. खुल्या छर्ऱ्यांच्या हबमध्ये बहुधा पुढे दर बाजूला १० आणि मागे ९ छर्रे बसतात. छर्रे स्वस्त असतात. डागाळलेला एक सापडला तरी अख्खा संच बदलून घ्या.