अपडेटनंतर केबलचं नेट गेलंय? अडॅप्टरला हात लावण्याआधीची तयारी

ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट झालं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि केबलचं नेट गेलं. केबल जागच्या जागी आहे, राउटर चालू आहे, मोबाइलवर वायफाय व्यवस्थित धावतंय, फक्त हा एक कॉम्प्युटर नेट नाही म्हणून अडून बसलाय. अशा वेळी हात आपसूक विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरकडे (जोडलेल्या उपकरणांच्या यादीकडे) जातो आणि अडॅप्टरवर, म्हणजे नेटवर्क कार्डावर, उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ दाबलं जातं. ते आत्ता दाबू नका. बिघाड दुरुस्त करायला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मिळतो नेटवर, आणि नेमकं तेच बंद आहे. हातात दुसरा ड्रायव्हर नसताना आहे तो काढलात, तर अर्धवट चालणारं कार्ड पूर्ण बंद पडतं. म्हणून आधी सामान गोळा करा, माहिती टिपून ठेवा, परतीची वाट शाबूत आहे का ते बघा आणि मगच दुरुस्तीला बसा.

सगळ्यात आधी तात्पुरत्या नेटची सोय करा. कॉम्प्युटरला वायफाय असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. विंडोजला तो फोन एखाद्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. केबल मात्र डेटा वाहून नेणारी हवी. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात आणि मग फोनमध्ये टेदरिंगचा पर्याय पुसटच राहतो. दुसरी काळजी मोबाइल डेटाची. विंडोज या जोडणीला साधं इथरनेट समजून पाठीमागे अपडेट उतरवायला लागतं. म्हणून जोडणी झाली की लगेच तिच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, म्हणजे विंडोज डेटा जपून वापरेल. फोनचा मार्गही नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर आणा. आणि कुणाकडे यूएसबीला लावायचा इथरनेट अडॅप्टर असेल तर तो मागून घ्या. त्याने काम तर चालतंच, शिवाय तीच केबल त्याला लावून नेट आलं तर केबल, राउटर आणि पलीकडचं सगळं ठीक असल्याची खात्री होते.

आता कार्डाची ओळख पटवायची. ही पायरी मी कधीच गाळू देत नाही, कारण चुकीचा ड्रायव्हर उतरवण्यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो. अपडेटनंतर कार्डाचं नाव अनेकदा पुसलं जातं. ‘अदर डिव्हायसेस’ खाली पिवळा त्रिकोण आणि शेजारी नुसतं ‘इथरनेट कंट्रोलर’ एवढंच उरतं. नाव गेलं तरी कार्डाचा हार्डवेअर आयडी जात नाही. त्या ओळीवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘डिटेल्स’ टॅबवर जा आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. जी लांबलचक ओळ दिसेल तिच्यात ‘व्हेन’च्या (VEN) पुढचे चार अंक-अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी, आणि ‘डेव्ह’च्या (DEV) पुढचे चार म्हणजे नेमकी चिप. कंपनीच्या जागी १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. पण तेवढ्यावर थांबू नका. रिअलटेकची ८१६८ ही एक गिगाबिटची चिप आणि ८१२५ ही अडीच गिगाबिटची, दोघींची कंपनी एक असली तरी चिप वेगळ्या आहेत. ओळीचा फोटो काढून ठेवा, हाताने उतरवताना एखादं अक्षर हमखास चुकतं.

आयडीबरोबर लॅपटॉपचं मॉडेल टिपा, डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डचं. विंडोज १० आहे की ११, तेही लिहा. ड्रायव्हर शोधताना पहिला मान लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानाचा. तिथला ड्रायव्हर जुना वाटला तर चिप बनवणाऱ्या कंपनीकडे जा. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो’ म्हणणारी सॉफ्टवेअर मात्र टाळाच. नेट बंद असताना ती काही करू शकत नाहीत आणि नेट असताना नको ते ड्रायव्हर बदलून आगीतून फुफाट्यात नेतात. शक्य असेल तिथे दोन आवृत्त्या उतरवा, एक ताजी आणि एक अपडेटच्या आधीच्या काळातली. झिप फाइल असेल तर ती आत्ताच उघडून साध्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आत ‘आयएनएफ’ (.inf) प्रकारची फाइल आहे ना, ते बघा. सेटअप प्रोग्राम अडून बसला तर डिव्हाइस मॅनेजरला या फोल्डरचा पत्ता देऊन थेट ड्रायव्हर टाकता येतो.

यानंतर जुन्या सेटिंगची नोंद. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) ही आज्ञा इंग्रजीत देऊन जे येईल ते एका टेक्स्ट फाइलमध्ये साठवा. आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता) हाताने भरलेला असेल तर तो, सबनेट मास्क, गेटवे (राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर), असे चारही आकडे कागदावर हवेत. कारण अडॅप्टर काढून पुन्हा बसवला की विंडोज त्याला कधीकधी नवंच कार्ड समजतं, ‘इथरनेट २’ असं नाव देतं, आणि हाताने भरलेला आयपी जुन्या, आता न दिसणाऱ्या कार्डाच्या नावावर अडकून राहतो. मग तोच आयपी नव्याला द्यायला गेलात की तो आधीच दुसऱ्या अडॅप्टरला दिलाय असा इशारा येतो. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो हिडन डिव्हायसेस’ चालू केलं की ते जुनं कार्ड पुसट रंगात दिसतं आणि तिथून काढता येतं.

त्याच फाइलमध्ये ‘फिजिकल ॲड्रेस’ म्हणून बारा अंक-अक्षरांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, सापडेल, तोही जपा. काही नेट पुरवठादार जोडणी मॅक ॲड्रेसला बांधून ठेवतात, त्यामुळे दुसरं कार्ड लावल्यावर ‘सगळं बरोबर आहे पण नेट येत नाही’ अशी गत होते. नेट युजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होत असेल तर तेही हाताशी हवेत. वायफायचा पासवर्ड आणि व्हीपीएनची माहितीही लिहून ठेवा, कारण विंडोजचा ‘नेटवर्क रीसेट’ वायफायचे साठवलेले पासवर्ड विसरतो आणि व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. कॉम्प्युटर ऑफिसचा असेल आणि तिथे केबललाही लॉगिन किंवा सर्टिफिकेट लागत असेल, तर पुढचं काही करण्याआधी आयटी विभागाला कळवा. तिथे ड्रायव्हर ठणठणीत असूनही नेट मिळत नाही असं होऊ शकतं, आणि ते घरच्या उपायांनी सुटत नाही.

परतीच्या वाटेचा विचार आजच करा, कारण तिला मुदत असते. आधी ओळखा, अपडेट कोणतं होतं. दर महिन्याचं छोटं अपडेट असेल तर ‘अपडेट हिस्टरी’मध्ये त्याचा केबीने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तिथूनच ते सहसा काढता येतं. तो क्रमांक टिपा. पण मोठी आवृत्ती बदलली असेल, तर ‘गो बॅक’ची सोय फक्त १० दिवस राहते. जुनी सिस्टिम ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि जागा मोकळी करायच्या नादात डिस्क क्लीनअपने ते फोल्डर उडवलंत तर हा मार्ग लगेच बंद होतो. म्हणून अपडेट कधी झालं ती तारीख बघा. दिवस थोडे उरले असतील तर ‘डिझम’ (DISM) या आज्ञेने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती संपण्याआधीच.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की कुठे आहे ते शोधा आणि कागदावर उतरवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन मदरबोर्डवरचं लॅन कार्ड बंद-चालू करण्याची वेळ आली, तर पुढच्या वेळी कॉम्प्युटर ही की मागू शकतो. ती तुमच्या अकाउंटमध्ये ऑनलाइन साठवलेली असेल तर मोबाइलवरून आत्ताच उघडून बघा. कामाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या, एक रीस्टोअर पॉइंट तयार करा. आणि सध्या सिस्टिमवर बसलेल्या बाहेरच्या कंपन्यांच्या सगळ्या ड्रायव्हरची प्रत ‘पीएनपीयूटिल’च्या (pnputil) एक्सपोर्ट आज्ञेने एका फोल्डरमध्ये काढून घ्या. बिघडलेला वाटणारा ड्रायव्हरही त्यात असू द्या. नवा त्याहून वाईट निघाला तर निदान होतं तिथे परत येता येईल.

एवढं झालं की खरा दोष अडॅप्टरचाच आहे ना, हे तपासून घ्या. कॉम्प्युटर ‘शट डाउन’ करून चालू केलात म्हणजे तो ताजा सुरू झाला असं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवते आणि तीच परत आणते. त्यामुळे ‘रीस्टार्ट’ करा. डेस्कटॉप असेल तर बंद करून वीजेची वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, थोडं थांबा आणि मग चालू करा. कॉम्प्युटर बंद असतानाही नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते, ती यात पूर्ण तुटते आणि अडकलेलं कार्ड कधीकधी एवढ्यानेच शुद्धीवर येतं.

मग पोर्टवरचे दिवे बघा. दोन्ही विझलेले असतील तर केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टात लावा, दुसरी केबल लावून बघा. दिवा लागतोय पण वेग १०० मेगाबिटवरच अडकलाय असं दिसलं तर ड्रायव्हरआधी केबलवर संशय घ्या. केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० मेगाबिटला त्यातल्या चारच पुरतात. बाकीच्या चारांपैकी एखादी तार तुटली की जोडणी चालू राहते पण खालच्या वेगावर घसरते. अपडेटच्याच दिवशी टेबल सरकवलं गेलं असेल, तर दोष फुकट अपडेटच्या माथी बसतो.

डिव्हाइस मॅनेजरमधला एरर कोडही आताच वाचा. २२ म्हणजे अडॅप्टर नुसता डिसेबल झालाय, एका क्लिकचं काम. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, म्हणजे तुम्ही उतरवलेला टाकायचा. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होत नाही, तिथे जुन्या आवृत्तीचा उपयोग होतो. कोड नाही, दिवेही लागताहेत, पण आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय, तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आणि गेटवेला पिंग (उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा) जातोय, बाहेरच्या ८.८.८.८ लाही जातोय, पण वेबसाइट उघडत नाहीत, तर अडॅप्टर निर्दोष आहे, डीएनएस बघा.

आता उपायांचा क्रम कागदावर लिहा, सौम्य उपाय आधी, कठोर नंतर. पहिला ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण पुसट असेल तर मागची आवृत्ती शिल्लक नाही. मग उतरवलेला ड्रायव्हर. मग बाहेरचा अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधल्या यादीत त्यांनी बसवलेल्या फिल्टरची खूण काढून बघा, मोठ्या अपडेटनंतर हे फिल्टर बरेचदा आडवे येतात. नेट येतं पण थोड्या थोड्या वेळाने तुटतं अशी तक्रार असेल तर ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी आणि ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ या दोन गोष्टी बंद करा. त्यानंतर विनसॉक आणि आयपी रीसेट, म्हणजे विंडोजची नेटवर्कची अंतर्गत सेटिंग मूळ स्थितीला आणणं. मग ‘नेटवर्क रीसेट’, आणि अगदी शेवटी अपडेट मागे घेणं. एका वेळी एकच बदल, मग रीस्टार्ट, मग कागदावर एक ओळ. ‘अनइन्स्टॉल’ची पाळी आलीच तर ड्रायव्हरही काढून टाकण्याची चौकट विचार करून भरा, ती भरली की सिस्टिममध्ये साठवलेली प्रतही जाते.

लिनक्सवाल्यांची तयारी आटोपशीर आहे. ग्रबच्या, म्हणजे सुरू होतानाच्या, मेनूतून जुन्या कर्नलवर (सिस्टिमच्या जुन्या गाभ्यावर) सुरू करून बघा. तिथे नेट आलं तर निदान झालं, तो कर्नल काढून टाकू नका. न आल्यास ‘एलएसपीसीआय -के’ने (lspci -k) कार्डाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते बघा आणि इंटरफेसचं नाव बदललंय का ते तपासा. नाव बदललं की जुन्या नावाने लिहिलेली कॉन्फिगरेशन फाइल निरुपयोगी ठरते. ड्रायव्हर बाहेरून बांधलेला असेल तर नव्या कर्नलचे हेडर आणि सिक्युअर बूटसाठी मॉड्यूलची (ड्रायव्हरच्या फाइलची) सही, या दोन्हींची सोय लागेल.

नेट परत आल्यावर वायफाय आणि टेदरिंग बंद करून फक्त केबलवर तपासा, नाहीतर दुसऱ्याच मार्गाने आलेलं नेट बघून समाधान मानाल. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, स्लीपमध्ये टाकून उठवा, आणि दोन्ही वेळा जोडणी आपोआप येते का बघा. मग काही दिवस अपडेट थांबवून ठेवा. चाललेला ड्रायव्हर, हार्डवेअर आयडीचा फोटो आणि सेटिंगची टेक्स्ट फाइल एका फोल्डरमध्ये घालून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि फोल्डरच्या नावात ड्रायव्हरची आवृत्ती लिहा.