झिरकॉनच्या कणांवरून प्राचीन खंडीय कवचाची वाढ कशी शोधावी

झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणाचे वय म्हणजेच खंडीय कवचाचे वय, असे धरून चालले की पुढचे सगळे गणित चुकते. युरेनियमचे हळूहळू शिशात होणारे रूपांतर मोजणाऱ्या युरेनियम-शिसे पद्धतीने कळते ते एवढेच की तो कण शिलारसातून केव्हा स्फटिकरूप झाला. तो शिलारस नुकताच प्रावरणातून आला होता की जुनेच कवच वितळून तयार झाला होता, हे त्या आकड्यात नसते. त्यासाठी त्याच कणातील हॅफ्नियमही मोजावे लागते.

खडक भरडून, चाळून, जड द्रव आणि चुंबकीय विभाजक वापरून कण वेगळे करावेत. वालुकाश्मातील कण असतील तर केवळ मोठे, स्वच्छ कण निवडू नयेत. एकूण कणांत ५ टक्के किंवा अधिक वाटा असलेला एकही वयोगट सुटला नाही, याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास निदान ११७ कण मोजावे लागतात.

कण इपॉक्सीत बसवून अर्ध्यापर्यंत घासावेत आणि मोजमापासाठी लेझर लावण्यापूर्वी कॅथोडोल्युमिनेसन्सची (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने खनिजातून निघणाऱ्या प्रकाशाची) प्रतिमा घ्यावीच. येथे घाई केलेली पुढे भरून निघत नाही. मधोमध झिजलेल्या कडांचा जुना गाभा, त्याभोवती शिलारसात वाढलेले बारीक पट्टे आणि बाहेर रूपांतरणाच्या वेळी चढलेली एकसंध, पातळ कड, अशा तीन घटना एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या कणात दिसू शकतात. सुमारे ३० मायक्रॉनचा लेझरचा ठिपका दोन थरांच्या सीमेवर पडला, तर हाती आलेले वय कोणत्याच घटनेचे नसते.

झिरकॉन घडताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेतच नाही. युरेनियम-२३८ (अर्धायुष्य सुमारे ४.४७ अब्ज वर्षे) आणि युरेनियम-२३५ (सुमारे ०.७० अब्ज वर्षे) यांवरून काढलेली वये जुळली नाहीत, तर बहुधा शिसे निसटलेले असते, असे मोजमाप बाजूला ठेवावे.

हॅफ्नियमचा ठिपका वय मोजलेल्या पट्ट्यातच घ्यावा. हॅफ्नियम-१७६ हे ल्युटेशियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून बनते; झिरकॉनमध्ये ल्युटेशियम अत्यल्प असल्याने स्फटिकीभवनाच्या वेळचे हॅफ्नियम-१७६ चे प्रमाण जवळपास तसेच टिकते. ते त्या काळच्या प्रावरणाशी जुळले तर कवच नवे. बरेच कमी भरले तर जुने कवच पुन्हा वितळलेले. त्यावरून काढलेले प्रतिमान वय (ते द्रव्य प्रावरणातून केव्हा वेगळे झाले, तो काळ) गृहीतकांवर टेकलेले असते, म्हणून ते अंदाज म्हणूनच नोंदवावे. ऑक्सिजनचे मूल्य (ऑक्सिजन-१८ व ऑक्सिजन-१६ यांच्या गुणोत्तराचा प्रमाणित पाण्याशी असलेला फरक) प्रावरणातील झिरकॉनच्या ५.३ प्रति सहस्रपेक्षा बरेच वर गेले असेल, तर शिलारसात गाळाचा अंश मिसळलेला असण्याचा संभव असतो आणि ते प्रतिमान वय दोन स्रोतांची सरासरी ठरू शकते.

कणांच्या वयांच्या आलेखात २.७ किंवा १.९ अब्ज वर्षांजवळ उंच शिखर दिसले, तरी त्याला लगेच वाढीचा काळ म्हणू नये. खंडांच्या टकरीत अडकलेले खडक अधिक टिकतात, त्यामुळे असे शिखर निर्मितीचे नसून जतनाचेही असू शकते. म्हणून त्या शिखरातील किती कणांचे हॅफ्नियम प्रावरणासारखे आहे, ते वेगळे मोजावे.