इंदूरला राहून सेकंडहँड सेलबोट घ्यायचीये? आधी वजनकाटा आणा, केबिन नंतर बघा

इंदूरला समुद्र नाही म्हणून शिडाची होडी हा आपला विषयच नाही असं बरेच जण धरून चालतात. पण भोपाळचा बडा तालाब तीन-साडेतीन तासांवर आहे, खंडव्याकडे गेलात तर इंदिरा सागरचं अफाट पाणी आहे, आणि २०२३ च्या एशियाडात सेलिंगचं सिल्व्हर आणणारी नेहा ठाकूर आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यातलीच, भोपाळच्या तलावावर तयार झालेली. तर पाणी आहे, प्रश्न वाऱ्याचा आहे.

म्हणून बोटीचे फोटो बघायच्या आधी वारा समजून घ्या. एप्रिल ते पावसाळा माळव्यात वारा चांगला असतो, पण दिवाळीनंतर थंडीभर सकाळी पाणी अगदी स्तब्ध आणि दुपारी चार-सहा नॉट (ताशी साधारण सात ते अकरा किमी) आला तरी भरपूर. वारा निम्मा झाला की शिडाचा जोर निम्मा नाही, चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दहा नॉटला मस्त पळणारी जड बोट पाचला जागेवर बसते. केबिन, गाद्या, छोटा स्टोव्ह असलेली बोट बघून बायको-पोरं खूश होतील पण इथे ती वर्षातले कित्येक महिने नुसती तरंगेल. हलकं हल, म्हणजे बोटीचं नुसतं अंग, आणि त्यामानाने मोठं शीड, हे पहिलं.

आता क्लास, म्हणजे एकाच ठरलेल्या मापाच्या बोटींचा प्रकार, ठरवा. एकट्याने रेसिंग करायचं तर लेझर, हल्ली तिला इल्का म्हणतात, हल ५९ किलोचं आणि सगळ्यात मोठं शीड ७.०६ चौरस मीटर, पण तिच्यात डब्याची पिशवी ठेवायलाही जागा नाही त्यामुळे वीकेंडची सफर विसरा. दोघांसाठी एंटरप्राइज, साधारण चार मीटर लांब, हल नव्वद-पंच्याण्णव किलो आणि मोठं मेन आणि पुढचं छोटं जिब ही दोन्ही शिडं मिळून साडेदहा चौरस मीटर शीड. भारतात ही जुनी ओळखीची बोट आहे, १९८२ च्या एशियाडातही हा क्लास होता, त्यामुळे जुन्या एंटरप्राइज आणि त्यांचे पार्ट शोधले तर सापडतात. आणि किनाऱ्यावर मुक्काम करत दोन दिवस फिरायचं असेल तर वेफेअरर, पावणेपाच मीटरहून थोडी मोठी, हल १६९ किलो, बूमवर, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर, ताडपत्री टाकली की आत दोन माणसं झोपतात. हलक्या वाऱ्यात ती एंटरप्राइजपेक्षा सुस्त, हे मान्य करून घ्या. माझं मत विचाराल तर एंटरप्राइज घ्या आणि तंबू किनाऱ्यावर लावा. वेगवेगळ्या क्लासच्या बोटी एकत्र रेस करतात तेव्हा पोर्ट्समथ नंबरने वेळ भागून हिशोब होतो आणि या तिघींचे नंबर ११०० च्या आसपासच आहेत, त्यामुळे रेसमधे कोणी फार मागे पडत नाही.

खालून लांब कील, म्हणजे वर न घेता येणारं जड पातं, निघालेली बोट नकोच. बड्या तालाबाची फुल लेव्हल १६६६.८० फूट, पण उन्हाळ्यात पाणी कितीतरी खाली जातं आणि काठाला गाळ लागतो. इंदिरा सागरमधे तर अख्खं हरसूद २००४ साली पाण्याखाली गेलंय, पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट आणि भिंती वरच्या अंगाला येतात. सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात सोडायचा फळा, वर खेचता आला पाहिजे आणि सुकाणू आदळलं तर आपोआप वर उचललं गेलं पाहिजे, हे दोन्ही स्वतः हाताने करून बघा. इंजिनाच्या भरवशावरही राहू नका, भोज वेटलँडमधल्या, म्हणजे भोपाळच्या बड्या आणि छोट्या तालाबातल्या, मोटरबोटींवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०२३ मधे बंदीचा आदेश दिला होता. दोन वल्ही बोटीत हवीतच.

आता बोट बघायला जाताना भंगारवाल्याकडचा लटकता काटा बरोबर न्या. विकणारा हसेल, हसू द्या. मास्ट (डोलकाठी), बूम, शिडं, सेंटरबोर्ड सगळं काढून नुसतं हल पट्ट्याने उचलून तोला. नव्वदच्या जागी एकशे दहा-पंधरा भरलं तर एकतर दुरुस्तीचं फायबर थापलंय किंवा आतल्या फोममधे पाणी मुरलंय, आणि ते पाणी काही आठवडाभर उन्हात ठेवून निघत नाही. मग एक नाणं घेऊन डेक आणि बूड वीत-वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगलं फायबर खणखणीत वाजतं, थर सुटले असतील तिथे आवाज एकदम बद्द येतो. मास्टच्या बुडाशी अंगठ्याने दाबा, दबलं तर पुढे बोलूच नका. सेंटरबोर्डच्या पेटीचा जोड ही जुन्या बोटींची नेहमीची दुखरी जागा, आत चार-पाच बादल्या पाणी ओतून खाली वाकून बघा कुठून झिरपतंय का. मास्टच्या तारांवरून जुना सुती रुमाल फिरवा, अडकला की तिथे एखादा धागा तुटलेला आहे. मुंबईहून आलेली बोट असेल तर अॅल्युमिनियमच्या मास्टवर स्टीलचे रिव्हेट जिथे बसलेत तिथे पांढरी पूड साचलीये का तेही बघा, खाऱ्या पाण्याने मास्ट आतून खाल्लेला असू शकतो.

शिडाकडे लोक शेवटी बघतात, खरंतर हलक्या वाऱ्यात शीडच सगळं आहे. चांगलं डेक्रॉन, म्हणजे शिडाचं कापड, हातात कडकड वाजतं, जुनं धुतलेल्या धोतरासारखं लुळं पडतं. शीड चढवून खाली झोपा आणि वर बघा, पोट, म्हणजे सगळ्यात जास्त फुगलेला भाग, पुढच्या कडेपासून चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर असावं, मागे सरकलं असेल तर ते शीड फक्त सरावाला ठेवा आणि नव्या शिडाचे पैसे किमतीतून कापायला सांगा. "साहेब, शिडं एकदम टकाटक आहेत" हे वाक्य प्रत्येक विकणारा म्हणतोच.

ट्रायल सकाळच्या मंद वाऱ्यात मागा, दुपारच्या जोरात नाही. दोघंही पुढे सरकून बसा म्हणजे मागची फळी पाण्यातून सुटेल, बोट वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला थोडी कलती ठेवा आणि टॅक घ्या, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळा. नाक फिरताना ती मधेच थबकली आणि परत पळायला फार वेळ लागला तर बूड खरबरीत किंवा बोट जड.

सौदा झाला की विक्रीचा कागद, शिडावरचा सेल नंबर आणि मोजमापाचं सर्टिफिकेट घ्या, नाहीतर क्लासच्या रेसमधे उतरताना अडवतील. मुंबई-पुण्याकडून ट्रेलरवर आणत असाल तर धुळ्याला चहाला थांबाल तेव्हा दोन्ही चाकांच्या हबला हात लावून बघा. चटका बसला तर बेअरिंग गेलंय, बिजासन घाट चढायच्या आधी तिथेच बदलून घ्या.