खिमा मशीनचा स्वॅब फेल का होत होता

आमच्या पोर्क युनिटमध्ये खिमा मशीनचा स्वॅब, म्हणजे जंतू तपासायला बोळ्याने पुसून घेतलेला नमुना, लागोपाठ तीनदा फेल झाला. लिस्टेरिया! हा जिवाणू ४ अंश सेल्सिअसलाही वाढतो, त्यामुळे कोल्डरूमच्या भरवशावर राहून चालत नाही. मशीन पूर्ण खोललं, तेव्हा मांस पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमागच्या रबरी रिंगखाली बोटाला बुळबुळीत, करडा थर लागला. चूक धुण्यातच होती: आम्ही आधी उकळतं पाणी मारायचो, त्याने प्रथिनं शिजून स्टीलला घट्ट चिकटायची. आता रोज सगळे भाग सुटे करून कोमट पाण्याने धुतो, अल्कलाइन फेस लावून ब्रशने घासतो, खळबळून घेतो आणि मगच क्लोरीन. घाण राहिली की क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतं, जंतू मारायला उरत नाही. गटारावर प्रेशरने पाणी मारणंही बंद केलं, तुषार थेट टेबलावर उडतात. नंतरचे चारही स्वॅब निगेटिव्ह आले. रिंग मात्र मी अजून रोज स्वतः काढून बघतो.